वर्दी, चावी आणि हायड्रंट



१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी पेटल्या होत्या आणि त्याच जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. दुपारपासून जवान होज धरून जहाजावर आणि धक्क्यावर उभे होते. शेकडो टन पाणी आत ओतले गेले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. देशभर आज अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ, आणि हे वार्षिक व्याख्यानही त्यांच्याच स्मृतीला वाहिलेले आहे.

त्यांच्या शौर्याबद्दल या व्यासपीठावरून माझ्यापेक्षा अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. माझी नोकरी पाणीखात्यात गेली. म्हणून मी त्या विषयावर बोलणार आहे, जिथे पाणीखाते आणि अग्निशमन दल यांची गाठ पडते. ती जागा म्हणजे रस्त्याच्या कडेचा हायड्रंट. गुडघ्याएवढा लाल खांब किंवा फुटपाथमधले लोखंडी झाकण. रोज शेकडो माणसे त्याच्या शेजारून जातात आणि त्यांच्या तो ध्यानातही येत नाही. पण एखाद्या शहराची पाणीव्यवस्था खरोखर कशी आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर मी धरणातला साठा विचारणार नाही. मी त्या शहरातला कुठलाही एक हायड्रंट रात्री दोन वाजता उघडून पाहायला सांगेन.

आधी थोडे गणित. वर्दी, म्हणजे आगीची खबर, आल्यावर आपल्याकडे जो बंब धावतो, त्याच्या टाकीत साधारण ४,५०० लिटर पाणी असते. एक जेट मिनिटाला सुमारे ४५० लिटर पाणी फेकते. म्हणजे एका बंबाचे पाणी एका जेटला दहा मिनिटे पुरते. गोदामाच्या आगीला एका जेटने काही होत नाही. चार जेट तासभर चालवायची म्हटली तर १ लाख ८ हजार लिटर पाणी लागते, म्हणजे चोवीस बंब भरून. आता हे बंब आणि टँकर एकामागून एक भरून, लक्ष्मी रोडच्या किंवा काळबादेवीच्या गर्दीतून वाट काढत, वेळेवर पोचायला हवेत. एका टँकरचे पाणी संपले आणि दुसरा सिग्नलला अडकला, तर मधल्या काळात जवानाच्या हातातला होज ढिला पडतो आणि आटोक्यात येत असलेली आग पुन्हा उसळते. ही रिकामी मिनिटे अग्निशमन दलातल्या प्रत्येकाने अनुभवली आहेत. हायड्रंट असतो तो ही मिनिटे भरून काढण्यासाठी. आगीपासून शंभर पावलांवर जमिनीखालची नळवाहिनी आहे, तिच्यात पाणी आहे, त्या पाण्याला दाब आहे आणि तोंड उघडले की ते आटत नाही. या चार गोष्टी एकत्र आल्या तर तो खांब हायड्रंट. यातली एकही कमी असेल तर ते नुसते बिडाचे ओतकाम.

या चार गोष्टी एकत्र यायला जगाला दोनशे वर्षे लागली. त्यासाठी लंडनला जाऊ या.

सप्टेंबर १६६६. लंडनच्या रस्त्यांखाली तेव्हा एल्म लाकडाचे ओंडके पोखरून केलेले नळ होते. थेम्सवरच्या लंडन ब्रिजखाली पाणचक्क्या होत्या आणि त्या शहरात पाणी चढवत. आग लागल्यावर पहिल्याच टप्प्यात पुलाच्या उत्तर टोकाकडच्या या पाणचक्क्या जळाल्या. लोकांनी रस्ते खणले, कुऱ्हाडीने लाकडी नळ फोडले आणि बादल्या भरल्या. ज्याने वरच्या बाजूला नळ फोडला, त्याने नकळत खालच्या वस्तीचे पाणी तोडले. शहर चार-पाच दिवस जळत राहिले. लंडनमध्ये पाणी होते, नळही होते. नळाचे पाणी ठरलेल्या जागी, शिस्तीने आणि दुसऱ्याचे न तोडता बाहेर काढायची सोय मात्र नव्हती.

पुढे ती सोय झाली ती अगदी साधी. लाकडी नळाला ठरावीक अंतरावर भोक पाडून त्यात निमुळते लाकडी बूच ठोकून ठेवायचे. आग लागली की तेवढीच जमीन उकरायची, बूच उपसायचे, खड्ड्यात पाणी साचले की हातपंपाच्या बंबाने ते ओढायचे. १७०७ च्या कायद्याने ही बुचे बसवण्याची आणि ती कुठे आहेत याची खूण जवळच्या घरावर लावण्याची जबाबदारी तिथल्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे चालणाऱ्या स्थानिक कारभारावर, टाकली. ही खूण मला बुचाइतकीच महत्त्वाची वाटते. अंधारात आणि धुरात पाणी कुठे आहे हे शोधत बसावे लागले तर ते असून नसल्यासारखे. आजही ब्रिटनमध्ये भिंतींवर पिवळ्या पाटीवर काळा ‘एच’ दिसतो. वरचा आकडा नळवाहिनीचा व्यास सांगतो, खालचा आकडा हायड्रंट तिथून किती मीटरवर आहे ते. अनोळखी गल्लीत पोचलेला जवान ती पाटी वाचतो आणि न विचारता नेमक्या झाकणाशी जातो.

पण बूच आणि खूण असूनही लंडन आणखी दीडशे वर्षे जळत राहिले. कारण आपल्याला फार ओळखीचे आहे. लंडनला पाणी देत त्या खासगी कंपन्या, आणि त्या पाणी ठरावीक वेळेलाच सोडत. एका वस्तीला सकाळी, दुसरीला दुपारी. पाणी सोडणारा माणूस कंपनीचा नोकर असे. त्याच्या हातात लांब दांड्याची चावी असे आणि कुठल्या रस्त्याला कोणता व्हॉल्व्ह हे त्यालाच ठाऊक असे. रात्री आग लागली की बंब पोचत, जवान पोचत आणि मग धावाधाव सुरू होई ती या माणसाला शोधायची. तो घरी आहे का, झोपलाय का, दुसऱ्या वस्तीत गेलाय का? पाणी ज्याच्यामुळे पहिल्यांदा पोचेल त्या चावीवाल्याला बक्षीस द्यायची तरतूदही कायद्यात होती. एवढ्या मोठ्या राजधानीची सुरक्षितता एका कामगाराच्या झोपेवर अवलंबून होती.

२२ जून १८६१ रोजी थेम्सच्या दक्षिण काठावर टूली स्ट्रीटला गोदामांना आग लागली. ताग, कापूस, साखर, चरबी असा माल खचाखच भरलेला. लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड स्वतः तिथे होते. हे ब्रेडवुड म्हणजे आधुनिक अग्निशमन सेवेचे जनकच म्हणा ना. १८२४ साली एडिंबरोत त्यांनी शिस्तबद्ध दल उभारले आणि १८३३ पासून लंडनचे दल सांभाळले. त्या संध्याकाळी ओहोटी होती, त्यामुळे नदीतल्या तरंगत्या बंबांना काठाजवळ येता येईना. रस्त्यातल्या बुचांना पाणी यायला तासाभराच्या आसपास वेळ गेला. तेवढ्यात आग गोदामामागून गोदाम गिळत गेली. ब्रेडवुड आपल्या थकलेल्या माणसांना घोट-घोट ब्रँडी वाटत फिरत होते, तेव्हा एक भिंत कोसळून ते तिच्याखाली गेले. ती आग पूर्ण विझायला दोन आठवडे लागले.

तोवर लंडनचे अग्निशमन दल विमा कंपन्या चालवत होत्या. या एका आगीने त्यांचे कंबरडे मोडले आणि त्यांनी सरकारला सांगितले की हे काम आता तुम्ही घ्या. १८६५ चा कायदा झाला, १८६६ पासून दल सार्वजनिक झाले. पण माझ्या दृष्टीने खरे वळण १८७१ च्या पाणीपुरवठा कायद्याचे आहे. या कायद्याने कंपन्यांकडून चोवीस तास, दाबाखाली पाणी मागण्याचा अधिकार शहराला मिळाला. ते सगळीकडे पोचायला शतक संपत आले. जसजसे सततचे पाणी वस्त्या-वस्त्यांत आले, तसतशी लाकडी बुचे गेली आणि व्हॉल्व्हचे हायड्रंट आले. हा क्रम लक्षात ठेवा. आधी नळात कायमचा दाब आला, मग हायड्रंट कामाचा झाला. हायड्रंट आधी पुरून ठेवला आणि दाब नंतर कधीतरी येईल म्हटले, तर काय होते ते आपण आपल्याच रस्त्यांवर पाहतो. त्याकडे येतोच.

खांबासारखा उभा हायड्रंट ही अमेरिकेची देणगी. १८०१ मध्ये फिलाडेल्फियाच्या पाणीपुरवठ्यातले अभियंते फ्रेडरिक ग्राफ यांनी तो तयार केला असे मानले जाते. खात्रीचा पुरावा मिळत नाही, कारण डिसेंबर १८३६ मध्ये वॉशिंग्टनचे पेटंट कार्यालयच जळाले आणि सुरुवातीच्या हजारो पेटंटांचे कागद त्यात गेले. थंड प्रदेशातल्या या खांबाची एक खुबी सांगण्यासारखी आहे. वरून दिसतो तो भाग एरवी कोरडा असतो. व्हॉल्व्ह खोल जमिनीत, जिथे पाणी गोठत नाही तिथे असतो. वरची चावी फिरवली की लांब दांडा खालचा व्हॉल्व्ह उघडतो. काम झाल्यावर व्हॉल्व्ह बंद केला की खांबात उरलेले पाणी तळाच्या छिद्रातून जमिनीत झिरपते, म्हणजे बर्फाने खांब फुटत नाही. आपल्या हवेत हा खटाटोप लागत नाही. आपल्याकडचे उभे हायड्रंट आणि रस्त्याखालचे हायड्रंट दोन्ही साधे आहेत, भारतीय मानकांत त्यांची रचना ठरलेली आहे आणि ते बनवणे अवघड नाही. अवघड आहे ते जिवंत ठेवणे.

अमेरिकेतली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती प्रत्येक नगरपालिकेच्या अभियंत्याने ऐकायला हवी. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बाल्टिमोर शहराच्या व्यापारी भागात आग लागली. तारा गेल्या, आणि वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून बंब रेल्वेने धावून आले. जवान उतरले, हायड्रंटपाशी गेले आणि त्यांच्या होजचे कपलिंग त्या हायड्रंटला बसेना. प्रत्येक शहराचे आटे वेगळे होते. मदतीला आलेल्या माणसांनी सांध्यावर कॅनव्हास गुंडाळून पाहिले. पाणी सांध्यातूनच उडून जाई. तीस तासांत दीड हजारांहून जास्त इमारती गेल्या. पुढच्याच वर्षी होजच्या आट्यांचे राष्ट्रीय मानक आले. आपल्याकडे ६३ मिलिमीटरचे, दाबून अडकवायचे कपलिंग मानक म्हणून ठरलेले आहे. मुंबईच्या मोठ्या आगीला ठाण्याचा किंवा नवी मुंबईचा बंब धावून येतो तेव्हा त्याचा होज खट्कन जोडला जातो, त्याचे श्रेय या कंटाळवाण्या वाटणाऱ्या मानकाला आहे. मानके लिहिणाऱ्या माणसांनी किती जीव वाचवले याची नोंद कुठे ठेवली जात नाही.

आता आपल्याकडे येऊ.

पुणे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने पाणी शहरात आले आणि पेठापेठांतले हौद भरू लागले. उताराने वाहत येणारे, हौदात पडणारे पाणी. पिण्याला, वापराला उत्तम. पण १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्याला आग लागली तेव्हा ती कित्येक दिवस धुमसत राहिली आणि सागवानी मजले नाहीसे झाले. हौदातले पाणी घागरीने उचलून सातव्या मजल्याच्या ज्वाळेवर मारता येत नाही. पाणी आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुण्याला आपल्या सगळ्यात देखण्या इमारतीची किंमत देऊन शिकावे लागले.

मुंबईत १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातल्या वस्तीला आग लागली आणि कोटाच्या आतला जवळपास एक तृतीयांश भाग जळाला. पाणी म्हणजे विहिरी आणि तलाव. आग थांबवायची तर पुढची घरे पाडून वाट तोडायची, एवढाच उपाय हाती होता. मुंबईला नळाचे पाणी मिळाले ते १८६० मध्ये विहारच्या तलावामुळे. मग तुळशी, मग तानसा, पुढे वैतरणा आणि भातसा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मलबार हिलवर आणि माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर मोठे जलाशय बांधले गेले. हँगिंग गार्डनच्या हिरवळीवर मुले खेळतात, त्या हिरवळीखाली पाणी आहे. पाणी टेकडीवर का चढवून ठेवायचे? खालच्या शहराला पंपाशिवाय, वीज असो वा नसो, दाब मिळावा म्हणून. रस्त्याकडेचे लोखंडी हायड्रंट अशाच दाबावर विसंबून बसवले गेले.

आणि मग शहर वाढले. इतके वाढले की सगळ्यांना सगळा वेळ पाणी पुरेना. पाणी वाटून द्यावे लागले. आज मुंबईत, पुण्यात, महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत पाण्याला वेळ आहे. कुणाचे पहाटे चारचे, कुणाचे संध्याकाळी सहाचे. पाणीखात्याचा चावीवाला लांब चावी घेऊन निघतो, झाकण उचलतो, मोजून आटे फिरवतो आणि एका गल्लीचे पाणी बंद करून दुसऱ्या गल्लीला सोडतो. त्याच्या डोक्यात जो नकाशा असतो तो कार्यालयातल्या कागदावर पूर्ण नसतो. मी या माणसांबरोबर आयुष्य काढले. पावसात, अपरात्री, गटाराशेजारच्या चेंबरमध्ये उतरून ते शहराची तहान भागवतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण १८६१ च्या टूली स्ट्रीटवर जे अडले होते, नेमके तेच आपण आज पुन्हा उभे केले आहे. ज्या गल्लीच्या पाण्याची वेळ पहाटेची आहे, त्या गल्लीतला हायड्रंट रात्री अकरा वाजता कोरडा आहे. त्याला रंग द्या, त्यावर क्रमांक घाला, दरवर्षी त्याची निविदा काढा. तो रात्री अकराला कोरडाच राहणार.

यावर नेहमी येणारे उत्तर असे: प्यायला पाणी नाही, तिथे आगीसाठी कुठून आणायचे? हे उत्तर खरे वाटते, म्हणून त्याचा हिशेब मांडून दाखवतो. आपल्या देशात पाणीपुरवठा योजना आखताना आगीसाठी किती पाणी धरायचे याचे एक सूत्र केंद्र सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेत आहे. लोकसंख्या हजारांत मांडायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला शंभराने गुणायचे. येईल तितके हजार लिटर दिवसाला. दहा लाखांच्या शहराला साधारण ३२ लाख लिटर येतात. २०११ च्या जनगणनेतल्या सव्वा कोटीच्या मुंबईला साधारण १ कोटी १० लाख लिटर. आणि मुंबईला दररोज मिळणारे पाणी सुमारे ३८५ कोटी लिटर. म्हणजे शंभर रुपयांतले तीस पैसे. गळतीत याच्या कितीतरी पट जाते. तेव्हा पाण्याच्या तुटवड्याचे कारण पुढे करता येणार नाही. आपल्याकडे तुटवडा आहे तो वेळेचा आणि दाबाचा. हे दोन्ही नियोजनाचे प्रश्न आहेत, धरणाचे नाहीत.

त्याच पुस्तिकेत एक समजूतदार सूचना आहे. आगीच्या पाण्यातला एक तृतीयांश भाग सेवा जलाशयात राखून ठेवा आणि उरलेला मोक्याच्या ठिकाणी साठवण टाक्यांत ठेवा, हवे तर तळ्याचे, ओढ्याचे पाणी भरा. आगीला गाळलेले पाणी लागत नाही. कोलकात्याने हे फार पूर्वी ओळखले. तिथे शुद्ध पाण्याच्या नळांखेरीज हुगळीच्या न गाळलेल्या पाण्याचे वेगळे जाळे आहे. मल्लिक घाट आणि वाटगंजच्या पंपांवरून ते पाणी येते, त्याने रस्ते धुतले जातात आणि त्यावर हायड्रंट असतात. त्या रस्त्याकडेच्या तोंडांवर आंघोळ करणारी माणसे आपण छायाचित्रांत पाहिली असतील. त्यात गरिबी आहे, पण अभियंत्याच्या नजरेने मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जे तोंड रोज उघडले जाते ते गंजत नाही, हरवत नाही आणि त्याला पाणी आहे की नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक असते.

हायड्रंटचे रोजचे महत्त्व इथे आहे. पाणीखात्याला तो आगीखेरीज कितीतरी कामांना लागतो. दुरुस्तीनंतर नळातली हवा आणि माती बाहेर काढायला, जिथे नळ संपतो तिथे साचलेले शिळे पाणी वाहून टाकायला, एखाद्या भागात दाब का पडला हे मोजायला, टँकर भरायला. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात अग्निशमन दल मुलांना खेळायला फवाऱ्याची टोपी लावून देते, कारण तोंड तसेच उघडे सोडले तर मिनिटाला हजार गॅलनहून जास्त पाणी वाहून वस्तीचा दाब पडतो. तिथे हायड्रंटपासून पंधरा फुटांच्या आत गाडी उभी केली तर दंड आहे, आणि तो वसूल होतो. काही शहरांत हायड्रंटच्या टोपीचा रंगच त्याची ताकद सांगतो. निळा सर्वांत जोरकस, मग हिरवा, मग नारिंगी, आणि लाल म्हणजे कमी पाण्याचा. तो रंग द्यायचा तर आधी प्रत्येक हायड्रंट उघडून मोजावा लागतो. रंगाचा खरा फायदा या मोजण्यात आहे.

आपल्याकडे हायड्रंटवर काय येते? डांबराचा थर, त्यावर आणखी एक थर, मग पेव्हर ब्लॉक. कुठे टपरी, कुठे दुचाकींची रांग. पितळी तोंडे भंगारात जातात. रस्ते खाते काम करते तेव्हा पाणीखात्याला विचारत नाही, पाणीखाते नळ बदलते तेव्हा हायड्रंटची जोडणी नव्या नळावर घ्यायची राहून जाते, आणि अग्निशमन दलाच्या यादीत मात्र तो हायड्रंट वर्षानुवर्षे असतो. यात कुणी दुष्ट नाही. हायड्रंट कुणा एका खात्याचा नाही, एवढेच. जो तीन खात्यांचा, तो कुणाचाच नाही.

आणि केवळ चोवीस तास पाणी आले म्हणजे सगळे झाले, असेही मी म्हणणार नाही. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला. शहराच्या अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन कित्येक वर्षे सांगत होते की पिण्याच्या नळांवर विसंबू नका, आगीसाठी समुद्राच्या पाण्याचे वेगळे, भक्कम जाळे बांधा. त्यांचे ऐकले गेले नव्हते. त्या पहाटे कोसळलेल्या विटांत ते जबर जखमी झाले आणि चार दिवसांनी गेले. जमिनीखालचे नळ शेकडो ठिकाणी तुटले होते. जवान हायड्रंटमागून हायड्रंट उघडत गेले आणि प्रत्येकातून थेंबच आला. शहर तीन दिवस जळाले, सुमारे २८ हजार इमारती गेल्या. विसाव्या रस्त्याच्या आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, चढावर, एका हायड्रंटला मात्र पाणी होते. घोडे दमलेले, म्हणून लोकांनी बंब स्वतः ओढत टेकडीवर नेला आणि त्या एका तोंडाच्या पाण्यावर मिशन भाग वाचवला. त्या हायड्रंटला आजही दरवर्षी १८ एप्रिलला पहाटे सोनेरी रंग देतात. आणि सलिव्हन यांनी मागितलेले जाळे त्यांच्या मृत्यूनंतर बांधले गेले. ट्विन पीक्सच्या डोंगरावर जलाशय, समुद्राचे पाणी ओढणारी पंपघरे, रस्त्यांखाली टाक्या. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या मुंबईत राहणाऱ्या माणसाने सलिव्हन यांचे म्हणणे आपले म्हणून वाचावे असे आहे.

अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात वणवा वस्तीत शिरला. तिथल्या तीन टाक्या, प्रत्येकी दहा लाख गॅलनच्या, काही तासांत रिकाम्या झाल्या आणि उंचावरचे हायड्रंट कोरडे पडले. जवळचाच ४४ कोटी लिटरचा जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा ठेवलेला होता. शहरी नळ एक-दोन इमारतींच्या आगीसाठी आखलेले असतात, डोंगरभर पसरलेल्या वणव्यासाठी नव्हे, हे खरे. तरीही साठा कधी रिकामा ठेवायचा, वाऱ्याच्या दिवसांत ठेवायचा का, याचा निर्णय माणूस घेतो.

उंच इमारतींनी आपल्याकडे हायड्रंट रस्त्यावरून आत आणला आहे. सोसायटीच्या आवारात लाल खांब, जिन्यात वेट रायझर, म्हणजे कायम पाण्याने भरलेला उभा नळ, प्रत्येक मजल्यावर काचेच्या पेटीत होज. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे ही यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन जानेवारीत आणि जुलैत, असे वर्षातून दोनदा द्यायचे असते. मी अनेक सोसायट्यांची पंपघरे पाहिली आहेत. पंप असतो, पण त्याचा स्विच ‘ऑटो’वरून काढलेला, कारण कुठल्याशा गळतीमुळे तो रात्री आपोआप सुरू होई आणि वॉचमनने तक्रार केली होती. पेटीत होज असतो, त्याच्या टोकाची तोटी, म्हणजे ब्रँच, नसते. आगीची टाकी असते, पण तिच्यातले पाणी उन्हाळ्यात उपसलेले असते. खरे तर टाक्यांची रचना अशी करतात की पाणी आधी आगीच्या टाकीत भरते आणि ती ओसंडली की वापराच्या टाकीत जाते. त्यामुळे आगीचा साठा कायम भरलेला आणि ताजा राहतो. ही रचना मोडून मधे एक जोडणी टाकली की दोन्ही टाक्या एकदम रिकाम्या होऊ शकतात.

मग करायचे काय? चोवीस तास पाणी ही अशक्य गोष्ट नाही. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने ती मीटर बसवून करून दाखवली आहे. पण मोठ्या शहरांत ते होईपर्यंत पिढी जाईल, आणि आग तोवर थांबणार नाही. तोवर तीन कामे आजच्या पाण्यावर, आजच्या माणसांत होऊ शकतात. प्रत्येक विभागातले सगळे हायड्रंट शोधायचे, उघडायचे, मोजायचे, आणि ज्याच्या नळाला दाब येणे शक्य नाही तो यादीतून काढून टाकायचा. खोटी आशा दाखवणारा हायड्रंट नसलेल्या हायड्रंटपेक्षा घातक, कारण जवान त्याच्यापाशी मिनिटे घालवतो. दुसरे, दाट वस्त्यांत, लाकूड बाजारात, जुन्या पेठांत, जिथे टँकर पोचत नाही तिथे जमिनीखाली साठवण टाक्या आणि त्यांवर बंबाला पाणी ओढता येईल असे तोंड. बागा आहेत, शाळांची मैदाने आहेत, जुन्या विहिरी आहेत. तिसरे काम सगळ्यात स्वस्त आहे. वर्दी आली की ती ज्या क्षणी बंबाला कळते त्याच क्षणी त्या भागाच्या पाणीखात्यालाही कळली पाहिजे, आणि रात्रपाळीचा चावीवाला दलाच्या गाडीबरोबर निघाला पाहिजे. कुठला व्हॉल्व्ह बंद केला तर कुठल्या गल्लीत दाब वाढेल हे त्याला ठाऊक आहे. आज अधिकारी फोन करून दाब वाढवायला सांगतात, आणि तो निरोप चार हातांतून चावीवाल्यापर्यंत पोचतो. त्याला वायरलेस द्या, अग्निशमन केंद्रात त्याच्यासाठी खाट द्या, आणि आगीशी झुंजणाऱ्यांना मिळते ती विमा-संरक्षणाची सोय त्यालाही द्या.

तुमच्यापैकी जे सोसायट्यांचे पदाधिकारी आहेत त्यांना माझी वेगळी विनंती आहे. येत्या जुलैच्या फॉर्म बीवर सही घेण्याआधी एका रविवारी सभासदांना खाली बोलवा. आवारातला हायड्रंट उघडा, होज जोडा, आणि गच्चीवरच्या शेवटच्या तोंडातून पाणी किती जोरात येते ते सगळ्यांनी मिळून पाहा. मुलांनाही आणा. पंप सुरू झाला नाही, तर एजन्सीला त्याच जागी, सगळ्यांसमोर कारण विचारा आणि दुरुस्त होईपर्यंत सही घेऊ नका.